गाडी दाखवायचा कार्यक्रम

मुलगी पसंत पडून नऊ दिवस झाले होते. आता गाडी पसंत पडायची राहिली होती.

उदगीरच्या विरूपाक्षप्पांचं पत्र आलं होतं. मुलगी सुस्वभावी दिसली, स्वयंपाक बेताचा पण सुधारण्यासारखा, उंची चालून जाईल. फक्त फटफटी त्या दिवशी पोत्याखाली असल्यानं मनासारखी बघता आली नाही, तरी सोमवारी सकाळी चौघं येऊन बघून जातो. थोरल्या अप्पांनी, म्हणजे गुरुपादप्पांनी, पत्राची घडी कोटाच्या खिशात ठेवली आणि घराला हुकूम सोडला, “पोहे करा. शिरा करा. गाडी अंगणात काढा, तोंड दाराकडं.”

म्हणून सोमवारी सकाळी, जिचं लग्न होतं ती दानम्मा मुठीत राख घेऊन हेडलाइटपुढं उकिडवी बसली होती. तिची वेणी कालचीच होती. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. हेडलाइटला मात्र थोरल्या काकूंनी, लक्ष्मम्मांनी, विभूतीची तीन बोटं ओढली होती.

“काकू, काच भरली की समदी. रस्ता कसा दिसंल?”

“रस्ता दिसू का न दिसू, येणाऱ्याला घराणं दिसलं पाहिजे,” लक्ष्मम्मा म्हणाल्या आणि शिऱ्याकडं गेल्या.

गाडी वीरण्णाची. वीरण्णा म्हणजे दानम्माचा बाप, अप्पांचा मधला भाऊ. लातूरच्या गोलाई बाजारातल्या, घरच्या भांड्यांच्या दुकानातल्या घागरी-कळश्या बाजारोबाजार न्यायला त्यानं ती घेतली होती. चार वर्षांपूर्वी काविळीनं तो गेला, तेव्हा त्याच्या मागं घरात तिघी उरल्या: बायको गुरम्मा, लेक दानम्मा आणि फटफटी. तिघींपैकी चौकशी फटफटीचीच जास्त व्हायची.

लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष व्हायचं होतं. गाडीचे कागद उस्मानाबादेत आणि गाडी लातुरात. दोघंही जागचे हलले नव्हते, तरी दोघांचे जिल्हे वेगळे झाले होते. अप्पा म्हणायचे, सरकारनं वाटण्या केल्या, पण भांडण न होता केल्या, हे आपल्या घरानं शिकण्यासारखं आहे.

जिल्ह्याला जिल्हाधिकारी मिळाला, पाणी मिळालं नाही. गावोगाव टँकर सुरू झाले. टँकरच्या रांगेत माणूस उभा राहत नाही, भांडं उभं राहतं. एका भांड्याचा नंबर एकच. त्यामुळं ज्यांच्या घरी शिजवायला काही नव्हतं तेही घागर विकत घेत होते. औसा आणि किल्लारीच्या बाजारात तर दुपारच्या आत पोतं रिकामं व्हायचं. हा बाजार भीमाकाका करतो, असं अप्पांना वाटत होतं. भीमाशंकर म्हणजे धाकटे काका, बिनलग्नाचे. त्यांना वेगाची भीती होती. तिसऱ्या गिअरला ते डोळे मिटायचे. म्हणून गावाबाहेर पडेपर्यंत काका चालवायचे आणि पुढं दानम्मा. काका मागं बसून घागरी धरायचे. वीरण्णानं लेकीला कोरड्या पडलेल्या तळ्यात गाडी शिकवली होती. तळ्यात पाणी असतं तर ती शिकलीच नसती. दुष्काळाचं चांगलं काही सांगा म्हटलं, तर एवढंच सांगता येईल.

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पांना नव्हतं, कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय सांगायची या घरात पद्धत नव्हती.

गाडी हुंड्यात गेली, की दानम्मा एका स्वयंपाकघरातून निघून दुसऱ्या स्वयंपाकघरात जाणार होती, आणि मधला रस्ता जीपच्या मागच्या सीटवरून, पदर तोंडावर घेऊन. बाकी सगळं तिला कबूल होतं. लग्नसुद्धा. एवढं एकच कबूल नव्हतं.

घराचे दोन तट पडले होते आणि ते गाडीवर स्पष्ट दिसत होते. द्यायच्या बाजूच्या गुरम्मा आणि लक्ष्मम्मा. त्यांनी पहाटे उठून गाडीची डावी बाजू चिंच लावून देवाच्या ताम्हणासारखी लख्ख केली होती. न द्यायच्या बाजूचे भीमाकाका. त्यांनी उजव्या बाजूला कुणाचा हात लागू दिला नव्हता. तिथं मडगार्डवर तांबूस गंज होता, त्या बाजूच्या सायलेन्सरवर किल्लारीचा चिखल. चिखल काकांनी मुद्दाम तांब्याभर पाण्यात कालवून लावला होता. यंदा चिखलच झाला नव्हता.

“तू कामून घासून राहिलीस गं?” काका खालच्या आवाजात म्हणाले. “मी इकडं आठ दिवस झालं गंज राखून बसलोय आन तू तिकडून हातभार लावलालीस?”

“माझी गाडी हाय. घाण का ठेवू?”

“अगं पण चमकली तर त्येंला आवडंल!”

“आवडू द्या. मला बी आवडती.”

गुरम्मा ओसरीवर तांदूळ निवडत होती. थोरल्या दिरासमोर ती कधी बोलत नसे. बोलायचं ते खांबाकडं बघून बोले आणि ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकावं. आता अप्पा घरात नव्हते, तरी सवयीनं ती खांबालाच म्हणाली, “चार वर्षं झाली पोरीला घासताना बघून राहिले. दर आयतवारी. नवऱ्याच्या ताटाला येवढी घासली तर संसार होईल.”

“त्याला गाडी पाहिजे आई, ताट न्हाई.”

“पोराला हौस असती.”

“मला बी हाय.”

खांब काही बोलला नाही. गुरम्मा तांदळातला खडा बोटानं उडवून लावत राहिली. तिला गाडीचा राग नव्हता. आपल्या मागं बिनलग्नाची पोरगी जावेच्या हाताखाली पडू नये, एवढाच तिचा हिशेब, आणि त्या हिशेबात गाडी बसत होती, पोरगी बसत नव्हती.

दानम्मानं हेडलाइटची कड घासायला घेतली. भांड्यांच्या दुकानवाल्या घरात एकच रीत: राख, चिंच, आणि नाहीच जमलं तर विटेचा भुगा. ताम्हणाला जे, तेच फटफटीला. चार वर्षं हीच रीत चालली होती. आज तिनं जोर जरा जास्तच लावला असेल. फडकं उचललं तर कडेवर बोटभर जागा पिवळी. तिनं थुंकी लावली, पुसलं. पिवळीच. पांढरी चमक निघून खालचा दुसरा धातू वर आला होता.

आधी तिनं चोरून ओसरीकडं बघितलं. मग ती तशीच बसून राहिली, त्या पिवळ्याकडं बघत. मग तिनं विटेच्या भुग्याची वाटी पुढं ओढली, पदराखाली घेतली आणि आत जाऊन वेणी घातली.

जीप दहाला आली. विरूपाक्षप्पा पुढं, धोतर, जरीचा रुमाल. मागून त्यांचा मुलगा पंचाक्षरी, ज्याच्याशी लग्न ठरत होतं, एक मामा, आणि एक जाणकार. जाणकार उदगीरला गाड्या दुरुस्त करायचा, त्याच्या नखांतलं ऑइल बघून सगळ्यांना विश्वास वाटला.

“शरणार्थ.”

“शरणार्थ, शरणार्थ. बसा. पाय धुवायला पाणी… तांब्याभर हाय, चौघांत घ्या.”

चौघांनी प्रत्येकी एकेक पाय धुतला. त्यांना अप्पांनी गाडीच्या डाव्या बाजूच्या सतरंजीवर बसवलं. दानम्मा पोहे घेऊन आली. पंचाक्षरीनं बशी घेतली, पण नजर सायलेन्सरवरून हलली नाही. दानम्मा मध्ये आली, तर तो मान वाकडी करून तिच्या पलीकडं बघू लागला.

“रंग उजळ हाय,” मामा म्हणाले.

“पहिल्यापास्नं उजळच,” लक्ष्मम्मा दारातून म्हणाल्या. “आमच्याकडं उन्हात ठेवत न्हाईत.”

“खाती किती?”

“लई न्हाई. लिटरला चाळीस तर जातीच,” अप्पा म्हणाले.

“आजार-बिजार?”

“एकदा क्लच. तेवढंच. औषध केलं, परत न्हाई.”

“आवाज ऐकवता का जरा?”

भीमाकाकांनी तोंड पाडून किक मारली. लागली नाही. दुसरी, तिसरी. दानम्मा हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तिच्या उजव्या पायाचा अंगठा आपोआप दाबला जात होता. चौथ्या किकला गाडी लागली. विरूपाक्षप्पांनी डोळे मिटून ऐकलं. “गोड हाय. हौदु, खरंच गोड हाय,” त्यांनी मुलाकडं बघितलं. मुलगा लाजला.

मग विरूपाक्षप्पा उठले, धोतराचा सोगा सावरला आणि कुणी काही म्हणायच्या आत गाडीला वळसा घालून उजवीकडं गेले.

तिथं त्यांनी मडगार्डवरून बोट फिरवलं आणि बोट धोतराला पुसलं.

“गुरुपादप्पा, येनप्पा हे, काय हे? ही बाजू?”

“ती बाजू,” भीमाकाका म्हणाले, “आम्ही ठेवून घेणार हाव.”

“भीमा!”

“अण्णा, अर्धी देऊन बी लई झाली की. पोरीच्या बापाची गाडी. तुमची-माझी न्हाई.”

अप्पांचा चेहरा तांब्याच्या भांड्यासारखा झाला. पाहुण्यांपुढं घर फुटलेलं दिसावं, यासारखी बेइज्जती नाही. “गंज हाय वरवर. घासला की जातो. कुणीतरी घासा रे!”

“मी घासते,” दानम्मा म्हणाली.

तिनं तांब्या खाली ठेवला, पदराखालची वाटी काढली, बांगड्या कोपराकडं सारल्या आणि मडगार्डच्या उजव्या अंगापुढं मांडी घालून बसली. विटेचा भुगा, वर चिंच. लग्नाची मुलगी पाहुण्यांदेखत गाडी घासायला बसली, हे बघून मामांना गहिवर आला. “कामाची हाय पोरगी,” ते म्हणाले. गंज गेला. दानम्मा थांबली नाही. चमक आली. ती थांबली नाही. हात खाली-वर, खाली-वर, तिचं कपाळ घामानं भिजलं, दंड भरून आला, आणि मग तिनं फडकं बाजूला केलं.

“अप्पा,” ती म्हणाली, “हे पिवळं काय हाय हो?”

गुरुपादप्पा आले. वाकले. चष्मा लावला. अंगठ्यानं दाबून पाहिलं. गुरुपादप्पांनी पन्नास वर्षं भांडी विकली होती. ते लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी वाटी उलटी करून बघायचे. त्यांच्या वडिलांनी एकदा मुरादाबादेहून आलेली गाडीभर भांडी स्टेशनवरूनच परत धाडली होती, कारण एका पेल्याच्या बुडाखाली मुलामा निघाला होता. त्या वर्षी घरात दिवाळी झाली नव्हती. दुकानात गल्ल्याच्या वर एकच पाटी होती, ‘मुलाम्याचा माल मिळणार नाही’, आणि ती पाटी अस्सल पितळेची होती. घर, जात, जिल्हा, सगळं बदलेल. ही पाटी बदलणार नाही, असं त्यांना मनोमन वाटत होतं.

“कानस आणा,” ते म्हणाले.

कानस आली. त्यांनी टाकीच्या पट्टीवर एक रेघ ओढली. पिवळी. हँडलवर ओढली. पिवळी, आणि खाली तांबूस.

“मुलामा हाय,” अप्पा म्हणाले. कुणी वारल्याची बातमी द्यावी तसे म्हणाले.

जाणकार हसला. “अप्पा, समद्या गाड्या अशाच असतेत. आत लोखंड, वर तांबं, मंग निकेल, मंग ही चमक. कंपनीतूनच तशी येती.”

“समदे चोर असले म्हणून मी चोर व्हावं का?”

“तसं न्हाई—”

“दहा वर्षं ही वस्तू माझ्या दारात हाय. मी भांडं वाजवून सांगतो आत काय हाय ते. आन दारातली खोट मला दिसली न्हाई!” अप्पा ओसरीच्या पायरीवर बसले. “विरूपाक्षप्पा, माफी असावी. गाडी देता येत न्हाई.”

“आमची हरकत न्हाई हो. आम्हाला चालती.”

“तुम्हाला चालती. मला चालत न्हाई. गुरुपादप्पानं जावयाला मुलाम्याचा माल दिला, गोलाईत तोंड दाखवू कसं?”

“मंग नवी घ्या.”

“नवी बी तसलीच म्हणून हे म्हणून राहिलेत.”

विरूपाक्षप्पांनी जाणकाराकडं असं बघितलं, की त्यानं नखं खिशात घातली.

“मी एक करतो,” अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज परत दुकानातला झाला. “गाडी तराजूत घालू. जेवढं वजन, तेवढ्या तांब्याच्या घागरी देतो. अस्सल. कस लावून घ्या.”

आता पंचाक्षरी सकाळपासून पहिल्यांदा बोलला. “घागरीवर बसून उदगीर फिरू का मी?”

“बसता आलं तर बघा की,” दानम्मा म्हणाली. तिनं हात धुतले नव्हते. कोपरापर्यंत विटेचा लाल भुगा होता. “आन अप्पा, घागरी बी देऊ नका. त्या मला उद्या किल्लारीला न्यायच्यात.”

“तुला?” अप्पांनी वर बघितलं. “तू कशी नेशील?”

“हिच्यावर. मीच नेते. दोन वर्षं झाली.”

अंगणात चिमणीचा आवाज आला. अप्पांनी भीमाशंकरकडं बघितलं. भीमाशंकर वर, चिमणीकडं बघत होते.

विरूपाक्षप्पांना हे घर आता आवाक्यात येईना. त्यांनी थेट ओसरीकडं मोर्चा वळवला. “बाई, तुम्ही आई. तुम्ही सांगा. पोरगी फटफटी चालवती? मर्दासारखी?”

सगळ्यांना वाटलं गुरम्मा खांबाला काहीतरी सांगेल. तिनं खांबाकडं बघितलंही. पोरीला ओरडावं, मिटवावं, पाय धरावेत, हे सगळं तिच्या मनात आलं. मग तिला दानम्माचे हात दिसले. नखं झिजलेली, बोटं फुटलेली. वीरण्णाची दिसायची तशीच. तिनं तांदळाचं सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावर नीट घेतला आणि चार वर्षांत पहिल्यांदा माणसाच्या तोंडाकडं बघून बोलली.

“हाव. चालवती. तिच्या बापानं शिकवली.” मग तिला एकदम विचारावंसं वाटलं. “तुमच्या पोराला येती का?”

पंचाक्षरीनं बशीत बघितलं.

“शिकंल की,” मामा म्हणाले.

“म्हंजे येत न्हाई?”

“लग्नानंतर—”

“चालवता येत न्हाई, मंग मागितली कशाला?”

“मागतेतच की समदे,” विरूपाक्षप्पा म्हणाले, आणि हे खरं होतं.

“शिकवीन मी,” दानम्मा म्हणाली. “आमचं तळं अजून कोरडंच हाय. पण गाडी हिथंच राहील.”

यावर पाहुणे उठले. चपला उलट्यासुलट्या घातल्या गेल्या. हे घराणं नव्हे, तमाशा आहे, असं विरूपाक्षप्पा म्हणाले. सोयरीक मोडली, असं मामा म्हणाले. जीप एवढ्या रागानं निघाली, की जाणकार मागच्या चाकाशी वाकून तारा मोजत होता, तो राहूनच गेला.

“आता?” तो म्हणाला.

त्याला शिरा दिला. तेवढ्यात दानम्मा गाडी पोत्याखाली न्यायला लागली, तर अप्पा म्हणाले, “थांब. आत न्यायची न्हाई.”

“कामून?”

“मुलाम्याचा माल पाहुण्याला दिला न्हाई, मंग घरात कसा ठेवू? पाटी काय फक्त गिऱ्हाइकासाठी हाय का? मोडीत घाला.”

दानम्मानं हँडल सोडलं नाही. ज्या विहिरीत दुसऱ्याला ढकललं तीत आपलाच पोहरा पडला होता. अप्पांना ती ओळखून होती; अप्पा शेवटपर्यंत जाणार, तेवढं हिशेबात धरायचं ती विसरली होती. काका म्हणाले, अण्णा, अक्कल आहे का? काकू म्हणाल्या, अहो, दुष्काळात चालतं दुकान बंद पाडता का? अप्पा हलले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते, हीच अडचण होती.

तिनं गाडी स्टँडवर लावली आणि समोर उभी राहिली.

“मोडीत न्हाई जायची. खोट वर हाय ना? मी वरचं उतरवते. समदं. एक नखाएवढी चमक राहिली, तर मीच मोडीत घालते. मंग तर झालं?”

“समदं?”

“समदं.”

अप्पांनी विचार केला. व्यापाऱ्यानं करावा तसा, बराच वेळ. “दिवस मावळायच्या आत,” ते म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

दानम्मानं हेडलाइट घेतला. काकांनी उजवी बाजू घेतली, कारण गंजाशी त्यांची ओळख होती. मग काही न बोलता गुरम्मा येऊन डावीकडं बसली. सकाळी चिंचेनं उजळलेला सायलेन्सर तिनं विटेनं घासायला घेतला. लक्ष्मम्मा म्हणाल्या, मला यातलं काही पटत नाही, आणि मागचा मडगार्ड घेतला. जाणकारानं खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला. “कंपनीला हे कळलं तर मला वाईट वाटंल,” तो म्हणाला, “पण वीट लावताव तर नीट तरी लावा. गोल न्हाई, सरळ घासा.” पाचही जण सरळ घासू लागले. पाणी नव्हतंच, सगळं कोरडं. तिन्हीसांजेला पाचही जणांच्या भुवया विटकरी होत्या आणि अंगणात मधोमध एक पिवळी, कुठं कुठं तांबूस फटफटी उभी होती. तशी गाडी कुठल्याच जिल्ह्यात नव्हती.

अप्पा कानस घेऊन आले. सात ठिकाणी रेघा ओढल्या. आठवी ओढायला गेले आणि थांबले.

“किल्लारीला किती घागरी जातेत?”

“बारा,” दानम्मा म्हणाली.

“चौदा ने. रांगा वाढल्यात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दानम्मा दुकानापुढूनच निघाली. मागं काका बसायचे, पण रात्रीतून त्यांचा खांदा धरला होता. म्हणून गुरम्मा बसली. नवरा असताना ती या गाडीवर एकदाही बसली नव्हती. दोन्ही अंगाला सात-सात घागरी, मध्ये ती, नऊवारी घट्ट खोचून.

“हळू.”

“हळूच हाय आई.”

“ह्याला हळू म्हणतेत?”

औशाच्या अलीकडं टँकरची रांग लागली होती. टँकर आलेला नव्हता. अर्धा मैल भांडी, आणि भांड्यांच्या सावलीला टेकून माणसं. पिवळी फटफटी येताना बघून रांग उठून उभी राहिली. चालवणारी बाई, मागं बसलेली बाई. एक म्हातारा बोट दाखवून हसला, दोन पोरं ओरडली, कुणीतरी शिट्टी मारली. दानम्माची मान ताठ झाली आणि तिनं गाडीचा वेग कमी केला. वाढवला नाही, कमी केला. रांगेच्या पहिल्या डबड्यापासून शेवटच्या डबड्यापर्यंत ती बैलगाडीच्या चालीनं गेली, एकेका तोंडाकडं बघत.

म्हातारा अजून हसतच होता.

“काय बघून राहिलाव?” गुरम्मा मागून कडाडली. “बाई बघितली न्हाई का घागर बघितली न्हाई? डबडं गळून राहिलंय तुमचं! घ्यायची असली तर सांगा, न्हाई तर बाजूला सरा. आम्हाला किल्लारी गाठायची हाय.”

म्हाताऱ्यानं खाली बघितलं. डबडं खरंच फुटकं होतं.

“दाखव,” तो म्हणाला.

किल्लारीला अकराच घागरी पोचल्या.